बार-ल-द्युकवर लिहायला घेतलं

शनि. ३ सप्टें. २०१६, झिंडेलफिंगेन

...मग कुकर उतरवला, बटाटे गार व्हायला ताटात पसरले, तोवर ओटा पुसून घेतला. ओला कचरा खाली नेऊन टाकला. वर येऊन ह्यांचे मोजे हीटरवरून काढले. एक अजून दमट होता, तसाच घातला त्यांनी. मिरची-लसूण वाटली, पीठ भिजवलं. दाढी करता करता बाथरूममधून म्हणाले, "वडे जास्त कर गं, दिलीपला गाडी चालवून भूक लागते." ईशा शाळेच्या सहलीला गेलेली, त्यामुळे घर शांत. डबा भरेपर्यंत खाली दिलीप भावजींचा हॉर्न वाजला.

दोन वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली सकाळ. संध्याकाळी हे नव्हते.

आज आठवायचं कारण केतकीचा फोन. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं ती बघते. "काकू, तुम्ही इतकं वाचता. 'गावाची ओळख' सदरात यंदा फ्रान्समधलं एखादं जुनं गाव हवंय. दरवर्षी दिलीपकाका लिहितात, यंदा त्यांना वेळ नाही म्हणे. कोलमारवर लिहाल?"

कोलमार नको म्हटलं. बार-ल-द्युकवर लिहिते.

"हे कुठे आलं?"

लोरेनमध्ये. आम्ही गेलो होतो.

गेल्या वर्षीच म्युनिकहून इकडे आली पोरगी. तिला काही माहीत नाही. बरंच आहे.


शनि. १० सप्टें.

मंडळाचा गणपती. माझ्याकडे कागदी प्लेटा आणि नॅपकिन. गेल्या वर्षीही तेच. इतर बायकांकडे मोदक, मसालेभात, कोथिंबीर वडी. दिलीप भावजींची बायको माधवी यादी करते. मला म्हणाली, "तू कशाला गं तळणात पडतेस."

आरतीनंतर मी मागे खुर्च्या लावत होते. एका नव्या मुलीने विचारलं, "ह्या काकू काही करून आणत नाहीत का?" दुसरी म्हणाली, "हळू. त्यांच्याच वड्यांनी तर झालं ना, त्यांच्या मिस्टरांना."

मी खुर्च्या लावत राहिले.

दिलीप भावजी प्रसाद घेऊन आले. "काय वहिनी, तब्येत काय म्हणतेय?"

"तुम्हाला बघून सुधारली."

हसले. आजूबाजूचेही हसले. लोकांना वाटतं आमचं चांगलं आहे. ह्यांचे प्लांटमधले सोबती, वीस वर्षांचे मित्र, अंत्यविधीची सगळी धावपळ त्यांनीच केली. आणि तेराव्याला जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, "परतताना मेट्स... नाही, नान्सी मागे पडेपर्यंत तो ठणठणीत होता हो. वडे जरा जास्तच झाले, तेलकट, त्यात उन्हाचे जिने चढलो. ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं त्यानेच. मला बोलला असता तर."

मला बोलला असता तर. हे वाक्य मी दोन वर्षं तोंडात धरून आहे. गिळवत नाही.

मी तेव्हाच म्हटलं होतं, तुम्हाला सांगितलं होतं त्यांनी. बायकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. धक्का बसलाय, बोलू दे, म्हणाल्या.


बुध. १४ सप्टें.

लायब्ररीतून लोरेनवरचं जर्मन पुस्तक आणलं. बारावीनंतर मला कोणी काही शिकवलं नाही. जर्मन इथेच मुलांच्या कपाटापाशी बसून शिकले, मग हळूहळू मोठ्यांच्या कपाटाकडे सरकले. ह्यांना कौतुक. "आमच्या घरात प्रोफेसर आहेत," म्हणायचे.

गाव दोन मजली आहे. खाली नदी, दुकानं, स्टेशन. वर टेकडीवर जुनं गाव, पिवळसर दगडाची घरं, एक घड्याळाचा मनोरा. बार प्रांताच्या सरदारांची ही राजधानी, त्यांचा किल्ला इथेच. खालून वर जायला जिन्यांच्या गल्ल्या. हे मधेच एका पायरीवर बसले होते. मी पाणी दिलं. दिलीप भावजी वरून म्हणाले, "अरे चल, म्हातारा झालास काय?"

वरच्या चौकात चर्च. आत तो पुतळा. पुस्तकात त्याचं पानभर चित्र आहे, पान उघडलं आणि तसंच मिटलं. परत उघडलं.

सोळाव्या शतकात एक राजपुत्र तरुणपणीच लढाईत गेला. त्याच्या बायकोने त्याचा पुतळा करवला असं म्हणतात. देखणा, चिलखतातला नको. मेल्यावर काही वर्षांनी दिसेल तसा. उभा सांगाडा, हाडांवर कातडीच्या चिंध्या, डावा हात वर, त्या हातात स्वतःचं काळीज.

पुस्तकात लिहिलंय, ही देहाच्या नश्वरतेची आणि श्रद्धेची खूण. असेल. मला वाटतं तिला लोकांना बघायला लावायचं होतं. दर रविवारी चर्चमध्ये येऊन बसता ना, मग बघा.

हे त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभे होते. म्हणाले, "कसा काय धरून ठेवतो हा हात वर? माझा डावा तर सकाळपासून भरून आलाय." आणि छाती चोळली. दिलीप भावजी शेजारीच. फोटो काढत होते. म्हणाले, "वडे किती हाणलेस ते मोज आधी." दोघं हसले. मीही हसले असेन.

नान्सीच्या कितीतरी आधीची गोष्ट.


रवि. १८ सप्टें.

लेखाची सुरुवात जमली. नदी, जिने, सरदार, पहिल्या महायुद्धात तिथून वर्दनच्या आघाडीकडे रात्रंदिवस लॉऱ्या धावल्या तो रस्ता. केतकीला आवडेल असं सगळं.

मग तिथला जाम. लाल करवंदासारखी बारीक फळं असतात, जर्मनमध्ये योहानिसबेरेन, इथे सगळ्यांच्या बागेत असतात. त्या गावात बायका हंसाच्या पिसाच्या टोकाने एकेका फळातली बी काढतात, साल न फाडता. मग पाकात घालतात, फळ अख्खं राहतं. एवढीशी बाटली, किंमत सोन्याची. ह्यांनी एक घेतली होती ईशासाठी.

लिहिताना मनात आलं, दि.भां.चं, दिलीप भावजींचं, असंच करावं. एकेक बी. साल शाबूत, हसतमुख, माईकवर "नमस्कार मंडळी" म्हणणारी. आत काही नाही.

ईशाला मसुदा वाचून दाखवला. तिला मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये. पुतळ्यापर्यंत नीट ऐकलं. पुढचं काय लिहिणार ते सांगितलं तर म्हणाली, "ममा, लास एस." सोडून दे. बाबा परत येणार आहेत का त्याने?

नाही येणार. मी तसं म्हटलंही नाही.

ती दार लावून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, पुतळ्याचं चांगलं लिहिलंयस. तेही जर्मनमध्येच.


शुक्र. २३ सप्टें.

शेवटचा परिच्छेद लिहिला. तीनदा. आता कोरडा झालाय, तसाच हवा.

परतीच्या रस्त्यावर ह्यांना घाम फुटला. गाडीत ओव्याची डबी होती माझ्या पर्समध्ये, दि.भा. म्हणाले ओवा द्या, कोमट पाणी द्या, ढेकर आली की बरं वाटेल. दिला. ढेकर आली. दि.भा. म्हणाले, "बघा."

नान्सीजवळ निळ्या पाटीवर H दिसलं. मी म्हटलं, भावजी, हॉस्पिटल आहे, वळवा. "वहिनी, इथे फ्रेंच कोणाला येतं? आपल्या क्रांकेनकासेचा विमा इथे चालेल का? हजारोंचं बिल लावतील. अडीच तासांत घरी. आपला डॉक्टर, आपली भाषा." मी परत म्हटलं. ह्यांनी मान हलवली, "घरी जाऊ." ते दिलीपचं ऐकायचे. प्लांटमध्येही.

आपली भाषा म्हणजे जर्मन. वीस वर्षांत ती आपली झाली होती, आणि त्या वळणावर तेवढी पुरली नाही म्हणून आम्ही सरळ गेलो.

ऱ्हाईनच्या पुलाअलीकडे, हद्द ओलांडायच्या आत, श्ट्रासबुर्गला ह्यांची मान एका बाजूला झाली.

नंतर ह्यांचं पाकीट आवरताना विम्याचं कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला निळा छाप, तारे. युरोपभर चालतं. सगळ्यांच्या कार्डावर असतं, दि.भां.च्याही. त्या दिवशी भावजींच्याच खिशात होतं.

हे सगळं लिहिलं. 'एक मित्र' असं नाही लिहिलं. दिलीप असं लिहिलं, आडनावासकट.


मंगळ. २७ सप्टें.

केतकीने फोटोंसाठी दि.भां.ना फोन केला. साधी मुलगी, तिला वाटलं मदत होईल. "काका म्हणाले फोटो हरवलेत. पण तुम्ही बार-ल-द्युकवर लिहिताय हे ऐकून ते जरा... काकू, काही प्रॉब्लेम आहे का?"

म्हटलं, रविवारी लेख पाठवते. वाच आणि मग तूच ठरव.

मी काम करते त्या किंडरगार्टनच्या किचनमध्ये आज दिवसभर हात हलके होते. शेफिन, म्हणजे तिथली मुख्य बाई, म्हणाली, आज गाणं म्हणतेयस. मला कळलंच नव्हतं. कोणतं म्हणत होते तेही आठवत नाही.

ह्यांना जाऊन इतके दिवस झाले, पहिल्यांदा कशाची तरी वाट बघतेय.


शनि. १ ऑक्टो.

दि.भा. आले. एकटे. बूट बाहेर काढून हातात पिशवी घेऊन उभे. पिशवीत द्राक्षं. चहा टाकला. घरी आलेल्याला चहा टाकायचा नाही हे मला जमत नाही.

"काय लिहिलंय वहिनी?"

"गावाची ओळख."

"माझं नाव आहे?"

"आहे."

बराच वेळ कप फिरवत बसले. ईशा तिच्या खोलीत, दार उघडं होतं, मी मुद्दाम लोटलं नाही.

मग बोलले. खाली बघून. "मला नान्सीलाच कळलं होतं. चेहरा राखेसारखा झालेला त्याचा, आरशात दिसत होता मला. घाबरलो मी. उतरून कोणाला काय सांगू, कसं सांगू. वाटलं आपल्या हद्दीत पोचलो की सगळं नीट होईल. गाडी पळवत राहिलो."

"आणि वडे?"

"ते पहिल्या दिवशी सहज बोलून गेलो. कोणी विचारलं काय खाल्लं होतं. मग सगळे तेच विचारायला लागले. मग ते तसंच..."

"तुम्ही मागे घेतलं नाहीत."

"नाही."

"दोन वर्षं मी प्लेटा आणतेय."

त्यांना कळलं नाही. खरंच कळलं नाही. "कसल्या प्लेटा?" म्हणाले. मी सांगितलं. ऐकून डोळे पुसले त्यांनी. माझ्या मनात काही हललं नाही, उलट थंड वाटलं, बरं वाटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण उद्या मला स्वतःबद्दल वेगळं वाटेल.

म्हणाले, "नाव काढा. हात जोडतो. इथे शंभर घरं आपली, सगळी ओळखीची. माधवीला यातलं काही माहीत नाही, ती त्या दिवशी नव्हती. मी तुमच्यासमोर कबूल केलं ना?"

"दिवाळीच्या कार्यक्रमात माईकवर सांगा. मग काढते."

"माईकवर?"

"जसं तेराव्याला सांगितलंत. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

चहा थंड झाला होता तो तसाच प्यायले. बूट घालताना वेळ लागला. दारात वळून म्हणाले, "तो माझाही होता, वहिनी. रोज डबा आम्ही एकत्र खायचो."

खरं आहे ते. रोज दोन पोळ्या जास्त द्यायचे मी, दिलीपला म्हणून.

"विचार करतो," म्हणाले आणि जिना उतरले. लिफ्टने नाही गेले.

ईशा बाहेर आली. जर्मनमध्ये नाही, मराठीत म्हणाली, "तो रडला."

हो म्हटलं.

"आता पुरे ना?"

द्राक्षं धुऊन तिच्यासमोर ठेवली. एकही खाल्लं नाही तिने.


रवि. २ ऑक्टो.

सकाळी लेख परत पहिल्यापासून वाचला. नदी, जिने, मनोरा, जाम, पुतळा, निळी पाटी. नाव तसंच ठेवलं. खाली एक ओळ वाढवली: काल ते माझ्या घरी आले आणि हे सगळं असंच घडलं असं म्हणाले. मग केतकीला पाठवून दिला.