संध्याकाळचा नैवेद्य

१२ जानेवारी, रविवार
महाडहून आलं — मूग किलोभर १३०, कुळीथ किलोभर १२०, शेंगदाणे अर्धा किलो ७५. नाचणी घरची. आणि आमच्या लेकाने, सुहासने, मुंबईहून आजीसाठी धाडलेला ताकदीच्या पावडरीचा डबा — १८५०! वर उघडा पैलवान. आईंनी डबा फिरवून फिरवून पाहिला. "ह्या गड्यासारखे दंड करायचेत काय गो माझे?"
हे हसता हसता खोकले. डबा सुहासला परत. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय — घरात आहे तेच द्या, पण रोज द्या.

१३ जानेवारी
सासूबाई — मी आईच म्हणते — दिवाळीनंतर अंगणात पडल्या. हाड शाबूत, पण उठताना चौकट धरावी लागते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालं की भूक कमी होते, शरीराची गरज नाही होत. डाळ-कडधान्य, दूध पोटात गेलं नाही तर पायांचं मांस झडतं, मग माणूस अंथरूण धरतं. थोडी उठबसही हवी.
बाबा गेल्यापासून आई दुपारी एकदाच जेवतात. रात्री कोरा चहा, बटर. गळ्यात माळ, तेव्हा अंडं-मासळी नाहीच.
त्यांना घोर एकच. शिमग्यात पालखी अंगणात येते तेव्हा उभं राहता यायला हवं. "देव दारात आणि मी खुर्चीत बसून हात जोडू? नाय गो. त्यापरास डोळे मिटलेले बरे."
उभ्या राहतील! मी बघते.

१६ जानेवारी
रात्रीची उसळ परत. कुळथाची पिठी परत. दूध मांजराला! "भूक नाय." संपला विषय.

१७ जानेवारी, संकष्टी
सुचलं! चंद्र उगवल्यावर नैवेद्य दाखवला. आईंनी रात्रीचा अख्खा मोदक खाल्ला — देवाच्या पानातलं परत करायचं नाही, जन्माची सवय! तर उद्यापासून आमचा देव रोज संध्याकाळी जेवणार. कुळथाची पिठी, उसळ, दूध. कांदा-लसूण नाही. यात फसवणूक कसली? मनापासून दाखवीन, हात जोडून.

२ फेब्रुवारी
वाटी पुसून परत येते! उठबस नामाबरोबर — एक नाव, एक उठणं. आज म्हणाल्या, "तुझा देव लय कुळीथ खायला लागला गो! नांगर धरतो काय?"
मी गंभीर तोंडाने म्हटलं, "थंडी आहे ना, आई."

८ फेब्रुवारी, एकादशी
उपास. संकष्टी, सोमवार, गुरुवार आहेतच, वर आईंच्या पायांसाठी बोललेला शनिवार. एरवी सगळ्यांचं झालं की उरेल ते. ताकभात तर ताकभात. मला काय, चालतं. आधी साबण लावूनही न निघणाऱ्या बांगड्या आता आपोआप मनगटावर घसरतात. अंग हलकं झालं — बरंच झालं.

२० फेब्रुवारी
आईंच्या धाकट्या बहिणीचं कार्ड. आवडीमावशी पोलादपूरच्या वर डोंगरात राहतात. तिथे फोन लागत नाही, म्हणून दोघी कार्डावर बोलतात. वाचायचं मी, लिहायचं मी. मावशी म्हणतात, एकदाच जेवते, सुनेला ताप नको.
आई म्हणाल्या, "लिव — रातचं देवाचं म्हणून खात जा. माझी सून तसंच फसवते मला."
म्हणजे ठाऊक होतं! मला हसू फुटलं. "हसतेस काय? लिव पुढे."

१५ मार्च
पालखी आली. ढोल वळणावर वाजला तशी आईंनी चौकट सोडली. मग काठी. नुसत्या पायांवर, हात जोडून! डोळ्यांना धारा. आईंच्याही, माझ्याही.
तबक घेऊन मी पुढे झाले आणि अंगण फिरलं. तबक ह्यांनी धरलं. आईंसाठी मांडून ठेवलेल्या खुर्चीत मला बसवलं.
देव दारात, आई उभ्या, आणि खुर्चीत मी.

१७ मार्च, सोमवार
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सासूबाईंचं वजन वाढलंय. तुमचं उतरलंय, रक्तही कमी आहे. साठी तुमचीही जवळ आली. तुम्ही कधी जेवता?"
उत्तर आईंनीच दिलं. "सगळ्यांच्या मागनं. उरलं तर."
संध्याकाळी आईंनी नैवेद्याची पिठी दोन वाट्यांत ओतली. म्हटलं, "तुम्ही खा, मी मागनं घेते."
"देवाचं हाय. नाय म्हणायचं नाय."
शेजारी बसून खाल्ली. गरम होती. गरम पिठी शेवटची कधी खाल्ली, आठवेना.

१८ मार्च
आईंनी मला आवडीमावशींना कार्ड लिहायला बसवलं. सांगितलं तसं लिहिलं — "पालखीला पायांवर उभी ऱ्हायले. ते ऱ्हाऊ दे. तुझी सून कधी जेवते आणि काय जेवते, तेवढं उलट टपाली कळव."