मुन्नी न सांगता का गेली?

१४ जून १९६२, गुरुवार

टपालात आज अकरा पत्रं! प्रकाशकांनी गठ्ठा करून पाठवली. ‘शेवटची सुट्टी’ मे महिन्यात बाहेर आलं आणि महिन्याभरात एवढ्या मुली माझ्यावर रागावल्या. आधीच्या चार पुस्तकांना मिळून एवढी पत्रं आली नव्हती.

सगळ्यांचा प्रश्न एकच — मुन्नी न सांगता का गेली? चार पुस्तकं, चार सुट्ट्या, सुंदा आणि मुन्नी एका ताटात जेवल्या, एका विहिरीत पोहायला शिकल्या. आणि पाचव्यात एका सकाळी मुन्नीचं घर रिकामं. निरोप नाही, चिठ्ठी नाही. “तुम्हाला लिहिताना काहीच कसं वाटलं नाही?” बार्शीची एक विचारते.

वाटतं गं बाई. म्हणून तर लिहिलं.

मी बाराव्या पत्राची वाट बघतेय. जमिलाच्या. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर तिच्या घरच्यांनी आमचं जळकोट सोडलं, त्याला चौदा वर्षं झाली. मुन्नी म्हणजे ती, सुंदा म्हणजे मी — गावातलं शेंबडं पोरही सांगेल. कुठं ना कुठं पुस्तक तिच्या हाती पडेल, ती चार ओळी लिहील. या एका आशेवर पाच पुस्तकं झाली.

१९ जून, मंगळवार

सातवीच्या वर्गात आज त्याच पुस्तकावरून भांडण. द्वारका म्हणे, मुन्नी दगाबाज! मागच्या बाकावरची हुसेनबी कधी तोंड उघडत नाही, ती उठली. “बाई, तिच्या घरच्यांनीच सांगू दिलं नसंल. गाव सोडताना पोरींना कोन इचारतंय?”

  मी भूगोल काढला.

२४ जून, रविवार

आईला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. तिला अक्षरओळख नाही. आधीची चारही पुस्तकं तिनं अशीच ऐकली, चुलीवरचं विसरून. आज शेंगा फोडत होती. मुन्नी गेली, सुंदा तिच्यामागं सडकेपर्यंत धावली, धुळीत उभी राहिली — वाचून संपलं. आईचं शेंगा फोडणं चालूच.

मग म्हणाली, “सडकंपतुर कवा पळालीस तू?”

“गोष्ट आहे ती, आई.”

“व्हय. गोष्टच हाय.”

असा राग आला! पुस्तक फडताळात आदळलं. भाजीत मीठ माझ्याच हातून जास्त पडलं, तेही तिच्यावर ढकललं.

२८ जून, गुरुवार

बेंबळीच्या कमलचं पत्र. वय वर्षं बारा. “सुंदाने नंतर मुन्नीचा पत्ता का शोधला नाही? मी असते तर तिच्या नातेवाईकाला विचारलं असतं. एवढी साधी अक्कल सुंदाला नाही का?”

उत्तर लिहायला बसले. तीन कागद फाडले.

३० जून, शनिवार

गेले शेवटी मकबूलकडं. जमिलाचा चुलतभाऊ. इथंच उमरग्यात, सडकेवर, ट्रकच्या चाकांची पंक्चरं काढतो. शाळेला जाता-येता रोज दिसतो. सलाम करतो, मी मान हलवून पुढं जाते. इथल्या शाळेत आल्यापासून सहा वर्षं हेच!

“जमिलाचा पत्ता मिळेल का?” मी एका दमात विचारलं. त्यानं हात पुसले.

“पत्ता कवाचा हाय की माझ्याकडं. आपा जहिराबादेत हाय. तुमी कवा इचारलंच न्हाय.”

जहिराबाद! हीच सडक धरून गेलं की येतं. मी आपली मनात तिला कराचीला पोचवून बसले होते. लांब असली की बरं असतं, वाट बघत बसता येतं.

पुस्तकं पुढं केली. त्यानं एक उघडलं, हसला. “बाई, आपाला ह्ये कसं वाचता यावं? ती उर्दूच शिकली न्हवं का?”

कपाळावर हात मारून घेतला. निजामाच्या शाळेत आम्ही दोघीच मुली, एका पाटीवर अलिफ-बे गिरवलेल्या. मराठी मला वडिलांनी घरी शिकवली. तिला कोण शिकवणार होतं? पाच पुस्तकं तिच्यासाठी लिहिली, आणि त्यातलं एक अक्षर तिला लागायचं नाही! शिकलेली बाई म्हणे मी.

“ऱ्हाऊ द्या, कोन तर वाचून दावंल,” म्हणत त्यानं पाचही पुस्तकं हैद्राबादला निघालेल्या ट्रकवाल्याच्या हवाली केली.

३ जुलै

काही नाही.

१२ जुलै, गुरुवार

काही नाही. प्रकाशक लिहितात, वाचकांची मागणी आहे, सहावं लिहा, दोघींची भेट घडवा. कुठून घडवू? मकबूलच्या दुकानापाशी आता मीच आधी थांबते. तो लांबूनच नाही म्हणून मान हलवतो.

तिचं हसणं कसं होतं ते आज आठवून बघितलं. आवाज काही आठवेना. पुढचा तिरपा दात तेवढा आठवला. लई आठवण येते — लिहून टाकलं एकदाचं.

२ ऑगस्ट, गुरुवार

आलं! उर्दूत. “बाई, तुमचंच हाय ना ह्ये?” पोस्टमन तीनदा विचारून गेला. इतक्या वर्षांनी उजवीकडून डावीकडं, अक्षर अक्षर लावत बसले.

जमिलाच्या शेजारी निलंग्याकडची बानूबाई राहते, तिनं रोज दुपारी थोडं थोडं वाचून दाखवलं. जमिला इतकी हसली की सासू उठून बघायला आली. तीन मुलं आहेत. विहिरीचा प्रसंग मी उलटा लिहिला म्हणते. बुडत होते मी, ती नव्हे. खरं आहे.

मग पाचव्या पुस्तकाबद्दल. उतरवून ठेवते —

“मुन्नी न सांगता गेली नाही. तुझ्या दाराशी आली होती. तीन हाका मारल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा निघाली. मुली विचारत असतील तर त्यांना हे सांग. तुझ्या आईवर माझा राग नाही. दिवसच तसे होते. त्यांना माझा सलाम.”

३ ऑगस्ट

आई त्या सकाळी रानात गेली होती. घरात मी एकटीच. बाहेर माणसं जमली होती, मला भीती वाटली. कडी मी लावली.