निळ्या बटणाचा सिनेमा

प्रिय ताई,

आठवतंय? वहीच्या कोपऱ्यात पानोपानी तू उड्यांची दोरी धरलेली मुलगी काढायचीस आणि मी भराभर पानं उलटली की ती खरोखर उड्या मारायची. शाळेतल्या सिस्टरनी वही जप्त केली, पण कपाटात ठेवण्याआधी स्वतः दोनदा उलटून पाहिली.

मी बरी आहे, गुडघे सोडले तर. सुनेने शिकवल्यापासून दुपारभर इंटरनेटवर हुंदडते. परवा एका शिंपीणबाईंचे व्हिडिओ सापडले. त्या टेबलावर बटण ठेवून फोटो काढतात, ते जरासं सरकवतात, पुन्हा फोटो. सगळे जोडले की बटण चालायला लागतं. मीही तसा दहा सेकंदांचा सिनेमा केला. त्यात माझं कोपर तीनदा डोकावतं. सून म्हणाली, "आई, यात हिरो कोण, बटण की कोपर?"

आजारानंतर उजवा हात उचलवत नाही म्हणून तू रंगपेटी देऊन टाकलीस, असं भावजींनी कळवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बटण सरकवायला डावा हातही पुरतो, एवढंच सांगते. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात ना?

इंटरनेटवरचे पत्ते मागच्या बाजूला ठळक लिहिलेत. शब्दकोड्यांचा खेळ भावजींना दे, म्हणजे ते उशाशी बसून तुला सूचना देणार नाहीत. घरबसल्या चित्रं दाखवणारं संग्रहालय तुझ्या सोबतीला येणाऱ्या वहिनीला. पाकिटातलं निळं बटण मात्र तुझं. माझ्या सिनेमात ते टेबलाच्या कडेशी येऊन थांबलंय. तिथून पुढे तू ने.

तुझी,
पानं उलटणारी धाकटी