सगळ्यांना एकच माणूस कसा दिसला?

३ नोव्हेंबर
लेखनात कच्च्या मुलांची तुकडी यंदाही माझ्याच गळ्यात. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, मुलांना मनापासून लिहावंसं वाटेल असं काहीतरी द्या. निम्मी पास झाली तर तुम्हाला कायम करायचं बघू, नाहीतर तुकडी बंद. म्हणजे मीही बंद. हे हसत म्हणाल्या. का हसल्या?

५ नोव्हेंबर
‘माझी आई’ विषय दिला होता. दोन निबंधांत आई पहाटे उठते. कॉपी! दोन आया एकाच वेळी कशा उठतील?
संकल्प : कॉपी करताच येणार नाही अशी असाइनमेंट काढायची.

६ नोव्हेंबर, दुपार
सापडली! ‘कॉलेजातला कुठलाही एक माणूस आठवडाभर न्याहाळा. नाव न घेता असा लिहा, की वाचणाऱ्याने ओळखलाच पाहिजे.’ प्रत्येकाचा माणूस वेगळा. करा म्हणावं आता कॉपी.
शेजारच्या टेबलावरचे इतिहासाचे सर मान लांब करत होते. कागद पालथा घातला. आयडिया ढापायला टपलेलेच आहेत.

१० नोव्हेंबर
पोरं न्याहाळतायत की नुसत्या चकाट्या पिटतायत, ते बघायला खांबाआड उभा राहिलो. मग कँटीनच्या खिडकीखाली. कुणाला पत्ता नाही. गंमत म्हणजे मी जवळपास असलो की सगळे भराभर लिहायला लागतात. याला म्हणतात दरारा.
कचऱ्याचा डबाही उपसला. शिपाई म्हणाला, सर, काही हरवलंय का? म्हटलं, विश्वास. ऐनवेळी बरं सुचलं.

१३ नोव्हेंबर
निबंध आले. वाटलंच होतं! सगळ्यांत एकच माणूस. करडा स्वेटर, दातात लाल पेनाचं टोपण. खांबाआड लपतो, पोट बाहेर. कचऱ्याचा डबा उपसतो. असा संशयास्पद इसम कॉलेजात फिरतो आणि माझ्या नजरेतून सुटतो? शक्यच नाही. एकाने रचला, बाकीच्यांनी छापला.
बायकोला वाचून दाखवलं. ती हसून हसून खालीच बसली. म्हणाली, अहो, मॅडमना दाखवाच. आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. बहिणीलाच लावला असणार. काहीतरी शिजतंय.

१६ नोव्हेंबर
उद्या गठ्ठा मॅडमपुढे. सगळ्यांना नापास करा म्हणणार. नोकरी गेली तरी बेहत्तर.
चष्मेवाली मुलगी घुटमळत आली. म्हणाली, सर, या विषयाला तिसऱ्यांदा बसलेय, आता नापास झाले तर घरचे शिकू देणार नाहीत. पहिल्यांदाच मनापासून लिहिलंय. म्हटलं, कुणाच्या मनापासून? तिचे डोळे भरले. नाटकं.

१७ नोव्हेंबर
मॅडमनी एक निबंध मोठ्याने वाचला. मग माझ्या स्वेटरकडे बघितलं. मी टोपण तोंडातून काढून खिशात टाकलं.
मॅडम म्हणाल्या, ओळखला. इतकं जिवंत लिखाण या तुकडीकडून कधीच आलं नव्हतं. सगळे पास. तुम्हाला कायम करायचंही वर कळवते.
म्हणजे जिंकलोच की मी. गठ्ठा परत आणला आणि पुन्हा वाचायला घेतला.
चष्मेवालीने शेवटी लिहिलंय : ‘त्यांना वाटतं, ते कुणाला दिसत नाहीत. कँटीनमध्ये आम्ही एक खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी ठेवतो. ते खिडकीखालीच बसतात.’ लाल पेन घेऊन चुका शोधल्या. एकही नाही.
दुपारी कँटीनमध्ये गेलो. दारातून. खुर्ची खरंच रिकामी होती. आधी वाकून खालून-वरून तपासली. काही नव्हतं. मग बसलो.