मागच्या रांगेला न दिसलेलं झाकण

नागापूर, नगर
१२ जानेवारी

ति. प्रार्थनाताईस,
स्टीवनचा शि. सा. न. वि. वि. ह्या अक्षरांचा पुरा अर्थ मला शाळंत कवा समजला न्हाई, पन त्यात नमस्कार हाय एवढं म्हाईत हाय, तो घे.

एक गोष्ट करून बसलोय, ती आदी कबूल करतो. मी आपल्या धाकट्या इम्मूला नाटकात नेला. त्याला न्हाई, त्याचं सगळं नेलं. हात झटकनं, टाचा उचलून चालनं, कानावर तळवे दाबून घुमनं, हळदीच्या डब्याचं झाकन फरशीवर गरगर फिरवत बसनं. आईला इचारलं न्हाई.

झालं असं, सावेडीत कल्याण सर म्हनून हायत, ते एकांकिका बसवतात. त्यास्नी ऑटिझमवाला पोरगा पायजे हुता. बाकीची पोरं जिभा बाहेर काढून येड्याची सोंगं करीत हुती. मी उठलो आन् इम्मू झालो. सर म्हनले हे कुटं शिकलास, मी म्हनलो घरीच, माझ्या वर्कशॉपला सुट्टी आसती तवा. तुला ठावंच हाय, मला कुनाचाबी आवाज काढता येतो. परवा टँकरवाल्याची हाळी दिली तर समोरची लंकाबाई हंडे घेऊन कोपऱ्यापर्यंत पळाली. आजून माझ्यासंगं बोलत न्हाई.

सरांनी दोन गोष्टी वाढवल्या. एक, पोरगा मोठाले गुनाकार तोंडी करतो. दुसरी शेवटाला. आई त्याला घट्ट मिठी मारती, तो वरडतो, ती सोडत न्हाई, आन् जन्मात न बोललेला पोरगा आई म्हनतो. मंग पडदा. मी सरांना आपल्या घरातलं सांगितलं हुतं, का इम्मूला कुनी हात लावलेला सोसत न्हाई, पन रोज सांजच्याला आई तळवा पुढं करती, तो त्याच्यावर झाकन ठिवतो आन् परत उचलून नेतो. सरांचे डोळे भरले. पन म्हनले, एवढंसं झाकन मागच्या रांगेला दिसत न्हाई. काढून टाकलं.

पयला नंबर आला. अभिनयाचं बक्षीस मला. लोकं रडत हुती आन् मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता पंचवीस तारखेला आपल्या चर्चच्या हॉलात प्रयोग हाय. आई येनार. तिला मी इनोदी नाटक हाय म्हनून सांगितलंय.

तुमच्या कॉन्व्हेंटच्या मदर पत्रं उघडत असतील तर त्यास्नीबी जय ख्रिस्त. तुझी माया हाय तेवढी ऱ्हाऊ दे, जास्त मागत न्हाई.
तुझा,
स्टीवन


कॉन्व्हेंट
२१ जानेवारी

चि. स्टीवन,
जय ख्रिस्त. आधी पाठीत एक धपाटा, मग अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मदरनी वाचलं. लंकाबाईच्या हंड्यांवर हसल्या, पुढचं वाचून मला बागेत एकटं बसू दिलं. इथं सिस्टर होईपर्यंत दोन वर्षं फोन नाही, हे मला आजवर इतकं कधी जड गेलं नव्हतं.

तू इम्मू हुबेहूब केला असणार, म्हणूनच मला भीती वाटते. सोंग खोटं असतं तर लोकांनी शेवटही खोटा मानला असता. हात खरे, टाचा खऱ्या, घुमणं खरं, मग ती मिठी खरी नाही असं कुणाला वाटेल? झाकण ठेवतो तेव्हा इम्मू आईच म्हणत असतो रे. मी इकडं निघाले त्या दिवशी त्यानं माझ्या तळव्यावर ते एकदाच ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. अजून त्या जागी गार लागतं.

आईला प्रयोगाआधी सगळं सांग. विशेष करून शेवट. तिला तो अंधारात, चारचौघांत पहिल्यांदा बघू देऊ नकोस.

रागावले तरी तुझीच आहे, हे धरून चाल.
तुझी ताई,
प्रार्थना


नागापूर
२७ जानेवारी

चि. प्रार्थनास,
आईचे अनेक आशीर्वाद. तुला आता सिस्टर म्हनायचं का आजून टाईम हाय, ते तुमच्या मदरला इचारून कळव.

आपल्या स्टीवनचं नाटक बघितलं. तो स्टेजवर आला आन् मला वाटलं इम्मूच वर चढला. त्याला खाली आनायला मी उठले बी. लंकाबाईनं पदर धरून बसवलं. सुरवातीला लोक हसले. मंग हसायचे थांबले. मला राग आला न्हाई, पोरी. एवढी मानसं माझ्या लेकराकडं बघत्यात आन् कुनी तोंड फिरवत न्हाई, हेच मी बघत ऱ्हायले.

मंग शेवटाला त्या बाईनं त्याला मिठी मारली आन् तो बोलला.

घरी येताना लंकाबाई म्हनली, मरियाबाई, तुमी कवा असं धरलं का त्याला. मी म्हनले त्याला सोसत न्हाई. ती म्हनली त्या पोरालाबी सोसत नव्हतं. ती वाईट बोलली न्हाई, तिचे डोळे लाल झाल्ते.

डॉक्टर म्हनले हुते जबरदस्ती करू नका, म्हनून मी लांब ऱ्हायले. का मी भ्याले? त्याच्या वरडन्याला, शेजाऱ्यांना? पंधरा वर्सं तळवा पुढं करून बसले, आन् त्याला आतून मिठी पायजे आसंल तर? तू देवाच्या जवळ हायस, तू इचार. मी उद्यापासून धरनार हाय.

पप्पा सुप्याच्या कंपनीत सेकंड शिफ्टला जातात, बरे हायत. तब्येतीला जप. ह्या घराची आठवन ठिवून ऱ्हा.
तुझी आई


नागापूर
९ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. आन् काय काय.

तुझं पत्र प्रयोगानंतर दोन दिसांनी आलं. पोस्टावर ढकलत न्हाई, ते आदी आलं असतं तरी मी सांगितलं नसतं. मला आईनं रडलेलं बघायचं हुतं. बाकी सगळी रडली हुती ना.

आता ऐक. किराना दुकानवाला कानिफनाथ पयले इम्मूला गुपचूप एक गोळी द्यायचा. आता नाटक बघून आल्यापासून त्याला सत्तावीस गुनिले तेरा इचारतो. इम्मू बरनीचं झाकन बघत ऱ्हातो. कानिफनाथ मला म्हनला, नाटकातला हुशार हाय, तुमचा न्हाई का तसा. गोळी दिली न्हाई. मानूस वाईट न्हाई ताई, त्याला वाटलं आपल्याला फसवलं. गल्लीतली पोरं मागं लागत्यात, आई म्हन, आई म्हन. पयले ती त्याला घाबरून लांब पळायची. तेच बरं हुतं.

आन् घरात आई. रोज सांजची प्रार्थना झाली का इम्मूला धरती. तो कुत्र्याच्या पिल्लावानी केकाटतो, सवताचं मनगट चावतो, रगात येतं. आई रडती पन सोडत न्हाई, कारन नाटकातली आई सोडत न्हाई. सरांनी तसं बसवलंय. आरती म्हनून जी पोरगी माझी आई झाल्ती तिला सर तालमीत सांगायचे, अजून घट्ट, अजून घट्ट. आता आपल्या माजघरात तीच तालीम चाललीय.

मी आईला सांगितलं शेवट खोटा हाय, सरांनी टाळ्यांसाठी घातला. ती म्हनली, मंग तू खरी आसवं गाळून कसा रडलास.

इम्मूनं झाकन द्यायचं बंद केलंय. आई तळवा पुढं करती तर तो खाटंखाली जातो.

काय करू ते लवकर लिही. तेवढी तरी माया ऱ्हायली आसंल.
स्टीवन


कॉन्व्हेंट
१७ फेब्रुवारी

चि. स्टीवन,
आशीर्वाद.

आईला मी दोनदा लिहिलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, की तू लेकरू टाकून गेलेली नाहीस म्हणून तुला कळणार नाही, मी त्याच्या शेजारी राहून त्याला टाकलं होतं. ते वाचून माझं जपमाळेत लक्ष लागत नाही. पत्रानं ती ऐकणार नाही. तिनं डोळ्यांनी बघितलंय, कानांनी ऐकलंय.

इम्मूला सोडव तिच्या हातातून. आणि तिलाही. तू घरात आहेस, मी नाही. कसंही कर.
ताई


नागापूर
३ मार्च

ति. ताई,
कसंबी कर म्हनलीस. केलं.

रविवारी दुपारी आई चुलीपाशी भाकऱ्या थापत हुती, पाठमोरी. इम्मू माजघरात झाकन फिरवत हुता. मी दाराआड उभा ऱ्हायलो. त्याच्या घुमन्याचा सूर धरला, लांबवला आन् त्यातनंच शब्द काढला. आई. स्टेजवर काढायचो तसाच. एकदाच.

चुलीवरचा तवा पडल्याचा आवाज आला. आई धावत आली, हात पिठाचे. मला वाटलं आता ही त्याला चिरडून टाकनार. पन तिनं मिठी मारली न्हाई. त्याच्यापासून चांगली लांब, फरशीवर बसली. म्हनली, ऐकलं मी राजा. बास झालं. आता कवाच धरनार न्हाई तुला. आन् लई येळ पिठाच्याच हातांनी तोंड झाकून बसली. इम्मू झाकन फिरवत हुता. आईनं पप्पांना सांगितलं तर ते मोटरसायकल पुसायला म्हनून बाहेर गेले ते तासभर आत आले न्हाईत.

तवापासून आईनं त्याला हात लावला न्हाई. मनगटावरच्या खपल्या वाळल्या. मी जिंकलो म्हनून सवताची पाठ थोपटली.

पन आता ती ऐकत बसती. नळ सोडला का बंद करती, पंखा बंद करती, लंकाबाई बोलाय लागली का तिला गप करती. काम टाकून इम्मूच्या समोर बसती आन् त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हाती. दुसऱ्यांदा म्हनंल म्हनून.

काल सांजच्याला इम्मू आपनहून उठला. झाकन घेऊन तिच्याजवळ आला. इतक्या दिसांनी. तिचा तळवा मांडीवर उघडाच हुता. त्यानं झाकन पुढं धरलं. आई त्याच्या तोंडाकडं बघत हुती. त्यानं लई येळ धरूनच ठिवलं ताई. मंग फरशीवर ठिवलं आन् फिरवाय लागला.

मी तिथंच हुतो. आई, हात बघ, एवढंच म्हनायचं हुतं. घरात मोठ्यानं बोलायचंच बंद केलंय, तिला सूर वळखू आला तर. खरं सांगितलं तर तिचा तो एक शब्द जातो, न्हाई सांगितलं तर झाकन जातं. तू सांगशील ते मला पटनार न्हाई, म्हनून सांगू बी नको.

हे पत्र फाडून टाक. तुझ्या पाया पडतो, आईला लिहू नको, पप्पांना न्हाई, कल्याण सरांना तर मुळीच न्हाई, ते ह्याचंबी नाटक करतील. मदर, तुमी वाचत असाल तर तुमीबी. कुनालाच सांगू नका.

स्टीवन