तारीख नसलेला राजीनामा

रविवार, ११ जानेवारी २०२६

चार–शून्य. कुर्डुवाडीकडून. ओळीनं सातवा पराभव.

परत अध्यक्ष सिद्धाप्पांच्या जीपमधून आलो. मला घराशी सोडताना त्यांनी विचारलं — "सर, ते पाकीट कुटं हाय?"

कपाटात आहे. वरच्या खणात. आमच्या क्लबात कोच नेमतानाच त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतात. सही असते, तारीख नसते. काढायची वेळ आली की चिटणीस तारीख घालतो. चिटणीस म्हणजे मी. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं, अक्षर बरं आहे, घर मैदानासमोर आहे — एवढ्यावर हे पद मिळालं.

आताच्या कोचनं, हारूनभाईंनी, पाकीट डिंकानं चिकटवून दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी. उघडून पाहावं असं कोणाला वाटलं नाही. आधीच्या तीन कोचांच्या राजीनाम्यांत एकच वाक्य होतं. "वैयक्तिक कारणास्तव".

१३ जानेवारी

सौ. विजयमाला, चहा ओतता ओतता: "तुम्ही चिटणीस आहात की जल्लाद?"

शनिवार, १७ जानेवारी

सव्वासहाला फिरायला निघालो. फिरणं झालं नाही.

मैदानावर दहा पोरं, गोलकीपर सोडून. प्रत्येकाच्या कमरेला दोरी, आणि तीच दोरी पुढच्याच्या कमरेला. मध्ये सहा-सात पावलांचं अंतर. दोरी टाकाऊ सुताची, वळलेली, पांढरी. हारूनभाई दिवसा यंत्रमाग — इथल्या भाषेत साचे — दुरुस्त करतात. कारखान्यातून आणली असणार. चेंडू नाहीच! हारूनभाई नुसते चालत होते. ते जिकडे जातील तिकडे दहाही जणांनी एकदम सरकायचं. दोरी जमिनीला टेकली की थांबायचं. ताणली तरी थांबायचं.

चाळीस वेळा थांबले असतील. कप्तान ऋतुराज तोंडावर आपटला. उठून म्हणाला, "बैलं बांदल्यावानी बांदलंय की आमाला!"

हारूनभाई: "बैलाला शेजारचा कुटं हाय ते कळतं. तुला कळतंय का?"

सगळे हसले. ऋतुराजही. परत सुरू.

मी कुंपणाशी उभा. पाऊण तास.

रविवार, २५ जानेवारी

दोन–एक. आठवा.

गेल्या वर्षी एकोणीस गोल करणारा ऋतुराज आता बचावात खेळतो. हारूनभाईंनीच मागे ओढला. लोकांना हे सहन होत नाही. कठड्यावरून एकजण — "ओ चाचा! गोल करणाऱ्याला वॉचमन केलं व्हय?" हारूनभाईंनी मान वळवली नाही.

शेवटचे दोन संघ ब गटात जाणार. सिद्धाप्पांच्या वडिलांनी क्लब काढला. चाळीस वर्षांत आम्ही कधी ब गटात गेलो नाही.

सामन्यानंतर धीर करून विचारलंच. हे काय चाललंय?

"सर, नवा साचा बसवला की पहिलं कापड वाया जातं. मालक ओरडतो. दुरुस्ती करणाऱ्यानं ओरडायचं नसतं."

"आणि मालकानं त्यालाच काढलं तर?"

"तर साचा तसाच राहतो." म्हणाले, आणि जाळ्या गुंडाळायला गेले.

१ फेब्रुवारी

एक–शून्य. नववा. शेवटच्या दोन मिनिटांत.

बुधवार, ४ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

आज दोरी नव्हती. हारूनभाईंनी ती खांद्यावर टाकली होती. पोरं उभी राहिली, आणि ते चालू लागले, नेहमीसारखे, चेंडूशिवाय.

ऋतुराज दोन पावलं डावीकडे सरकला. पलीकडच्या टोकाला — पन्नास-साठ पावलांवर — एक पोरगा पाठमोरा होता. त्याला ऋतुराज दिसणं शक्यच नव्हतं. तोही डावीकडे सरकला. दोनच पावलं. मधले सगळेसुद्धा. कोणी ओरडलं नाही, कोणी खूण केली नाही. मग पुढे. मग मागे. दहा माणसं, आणि त्यांच्यामधलं अंतर जसंच्या तसं. दोरी नसताना मला दोरी दिसत होती!

लय हा शब्द मी तीस वर्षं वर्गात वापरला. डोळ्यांनी आज पाहिली.

थांबल्यावर पोरंच एकमेकांकडे बघत राहिली. ऋतुराज हळूच म्हणाला, "आयला." एवढंच. हारूनभाई दोरीचा गुंडाळा करत होते.  

घरी आलो. चहा गार झाला. विजयमालेनं विचारलं, काय झालं. मी मैदानाकडे बोट दाखवलं.

८ फेब्रुवारी

एक–शून्य. आमच्याच पोराच्या पायाला लागून आमच्याच जाळ्यात. दहावा.

मंगळवार, १० फेब्रुवारी

सभा. पाच जण. दोन विरुद्ध दोन.

मल्लेश, जुना गोलकीपर, हारूनभाईंच्या बाजूनं: "पोरं कधी नव्हं ती खेळायलीत. गोल होईनात, हे खरं." सिद्धाप्पा: "गोल होईनात तर मग खेळायलीत म्हणून काय उपयोग हाय?" मग माझ्याकडे वळून — "सर, तुमी शिकलेले. तुमीच सांगा. दहा हरल्यावर आनी काय बघायचं ऱ्हायलंय?"

माझ्याकडे उत्तर होतं. चार तारखेची सकाळ. पण चार माणसांसमोर ती कशी सांगायची? दोरी नव्हती पण दोरी दिसत होती? शब्द तोंडाशी आले आणि मला माझाच वर्गातला आवाज ऐकू आला. लाज वाटली.

मी हात वर केला. काढून टाकण्याच्या बाजूनं.

मल्लेशनं माझ्याकडे पाहिलं नाही. हे पाहण्यापेक्षा वाईट.

तोच दिवस, सायंकाळी

तारीख घालायला पाकीट उघडलं. पेन हातात होतं.

कागद जसाच्या तसा उतरवतो:

"सोलापूर, १० एप्रिल २०२४. मा. अध्यक्षसाहेब, मी ता. ३१ मार्च २०२६ रोजी कोचपद सोडत आहे. दोन वर्षांत पोरं तयार होतील. मग मैदानात माझं काम उरणार नाही. आपला, हारून."

अक्षरं एकेक करून बसवलेली. शिक्षण उर्दू शाळेत झालेलं. कोणाला विचारून विचारून लिहिलं असेल. तारीख मोकळी सोडायला सांगितली होती. त्यांनी सोडली नाही.

दहा पराभवांच्या आधी. पहिल्या सामन्याच्याही आधी. जाण्याचा दिवस लिहिला, आणि मग पोरांच्या कमरेला दोरी बांधली.

पेनला टोपण लावलं. 

११ फेब्रुवारी

सिद्धाप्पांच्या टॉवेल कारखान्यात गेलो. साचे चालू. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"ह्येच्यावर तारीख हाय की!"

"आहे."

"घालायची न्हाई म्हणून सांगितलं हुतं न्हवं?" मग कागद उजेडाला धरून — "खोडता येईल?"

"मी खोडणार नाही. आणि कालचं माझं मत मागे घेतो."

"का म्हणून?"

मग चार तारखेची सकाळ सांगितली. साच्यांच्या खडखडाटात — ओरडून! पन्नास-साठ पावलं! पाठमोरा! दोनच पावलं! घसा बसला. चालू साच्यांमधून दोन बाया मान वर करून माझ्याकडे बघत होत्या. सिद्धाप्पाही. हसले नाहीत.

कागदाची घडी घालून मला परत दिला. "कागदावर लिवलंय ते पाळायचं, हे आमच्या वडलांचं. मार्चअखेर. एक दिवस जास्त न्हाई."

"हारूनभाईही तेच म्हणतात," मी म्हणालो.

१५ फेब्रुवारी

शून्य–शून्य. सिद्धाप्पा उभ्यानं सामना बघत होते. पहिल्यांदाच.

रविवार, १ मार्च

एक–शून्य. जिंकलो! ऋतुराज मागून धावत गेला आणि त्याची जागा भरायला आपोआप दुसरा मागे आला. गोल ऋतुराजचा. मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. मागे आलेल्याकडे बघत होतो. कठड्यावरचं बाकी कोणी बहुतेक तिकडे बघत नव्हतं.

हारूनभाईंचा रोजा होता. अजान झाली तसे खिशातून दोन खजूर काढले. एक स्वतःला, एक मला. पाकीट उघडलं, हे अजून सांगितलेलं नाही.

१५ मार्च

हरलो. तीन–एक.  आज फार लिहीत नाही.

रविवार, २९ मार्च

शेवटचा सामना. पुन्हा कुर्डुवाडी. एक–एक. एका गुणानं अ गटात राहिलो.

नव्वद मिनिटांत हारूनभाईंनी मैदानाकडे एकही शब्द फेकला नाही. मांडी घालून बसून पेरू खाल्ला. पहिल्यांदा मला वाटलं, हे हरल्याचं लक्षण. मग पाहिलं — पोरंही त्यांच्याकडे वळून बघत नव्हती. एकदाही नाही.

सिद्धाप्पा धावत आले. धोतर सावरत. "सर, ती तारीख खोडा! आत्ताच्या आत्ता! हारूनभाई, पाच वर्सं ऱ्हावा."

हारूनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाकीट उघडलं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. मी खाली पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "कागदावर लिवलंय ना?"



मंगळवार, ३१ मार्च

सव्वासहा. दहाही पोरं वेळेवर आली. हारूनभाई नाहीत. कोणी चौकशी केली नाही. ऋतुराजनं नुसती मान हलवली आणि सगळे सरकू लागले.

मी फाटकात उभा होतो; शेजारी सायकल थांबली. हारूनभाई, कामाचे कपडे, डबा अडकवलेला. माझ्या फाटकाला टेकून उभे राहिले. मैदानाकडे पाठ करून.

"चाललंय का, सर?"

मी पाहिलं. नीट पाहिलं.

"चाललंय."

मान डोलावली. सायकलवर बसले आणि कारखान्याला गेले.