परसातला बनियन

४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. तुझी भाची ठमी दिवसभर परसात माती उकरत बसते. आई म्हणते, ही थेट आत्यावर गेली. आईच्या वाटाण्याचं मात्र काही खरं नाही. वीतभर वाढतो आणि पिवळा पडतो. पालक खत मारून मारून झकास आलाय. कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी गाडीवर ठेवायला मागत होती, पण ठमीलाच रोज लागतो म्हणून नाही म्हटलं. मावशीची दोन नातवंडं त्या गाडीखालीच खेळत असतात. तू एवढी मातीची डॉक्टरीण, वाटाण्याला औषध सांग. भाषण नको.

रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा ढब्बू

१२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

भाषण नाही, कामं सांगते. कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढतोस, ते धुतल्याचं पाणी अजून परसातच सोडतोस का? एक वाटाणा मुळासकट उपटून मुळांवर गाठी आहेत का बघ. तुझा एखादा सुती बनियन वीतभर खोल पुरून ठेव आणि एप्रिलमध्ये उकरून काढ. चमचाभर माती पुडीत बांधून पाठव. तोवर ठमीला पालक देऊ नकोस. हे शेवटचं सगळ्यात आधी कर.

आईला नमस्कार, ठमीला पापा, तुला धपाटा.

ताई

१६ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

तुझ्या परीक्षेत आम्ही पहिल्या नंबराने पास! बनियन पुरला तसाच निघाला, एक धागा तुटला नाही. आईने धुऊन वाळत घातला; तोच अंगात घालून लिहितोय. वाटाण्याची मुळंही स्वच्छ, औषधालाही गाठ नाही. अशी निर्मळ माती अख्ख्या गल्लीत नसेल. पाणी परसातच जातं, बाबांच्या वेळेपासून जातं, कुणाला काही झालं नाही. त्यामुळे पालक बंद केला नाही. ठमी हल्ली किरकिर करते, पोट दुखतं म्हणते. बालवाडी बुडवायच्या युक्त्या, दुसरं काय? मातीची पुडी सोबत आहे.

शाबासकी उलट टपाली पाठव.

ढब्बू

२ मे

ढब्बू,

तू नापास झाला आहेस. सुती कापड जिवंत मातीत कुजायलाच हवं. ते खाणारे, पाला कुजवणारे, वाटाण्याच्या मुळांवर गाठी करून त्याला हवेतला नत्र भरवणारे बारीक जिवाणू तुझ्या परसात शिशाने मेलेत. वाटाणा उपाशी आहे. पालकाला तू वरून खत भरवतोस म्हणून तो हिरवा दिसतो. शिसं त्याच्या पानांत आहे आणि पानांवरच्या धुळीतही. पुडीतल्या मातीतल्या शिशाचा आकडा पाहून मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा मोजलं, तोच आला.

ठमीचं पोट खरंच दुखतंय. हे पत्र हातातून खाली ठेवायच्या आत तिला डॉक्टरांकडे ने, रक्तातलं शिसं तपासून घे. तिला परसात सोडू नकोस. आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही.

ताई

२० मे

ती. ताईस, सा. न.

तुझंच खरं झालं, हो खूश. ठमीच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी चारचौघांत माझी खरडपट्टी काढली. तिच्या बुद्धीवर किती परिणाम होईल ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले. तिची आई तिला घेऊन माहेरी गेली, माझ्याशी बोलत नाही. कारखाना मात्र बंद करणार नाही. ज्या बॅटऱ्यांवर तू शिकलीस, त्यांचाच आता तुला वास येतो!

तरी तुझा शब्द पाळलाय. पालकाचं एक पानही घरात येत नाही. उपटून फेकायचं जिवावर आलं, म्हणून सगळा मावशीला देऊन टाकतो. बिचारी जाम खूश आहे.

आता राग सोड आणि पूर्वीसारखं लिही.

ढब्बू

२४ मे

ढब्बू,

मावशीची दोन नातवंडं गाडीखाली खेळतात, हे तूच लिहिलं होतंस. न खपलेली भाजी ती कुणाच्या ताटात वाढत असेल, एवढाही विचार तुझ्या मनात आला नाही.

मातीचा अहवाल मी माझ्या सहीने आरोग्य खात्याकडे दिला आहे. कारखान्याला कुलूप लागलं तर ताईने लावलं म्हणून खुशाल सांग. उद्याच्या गाडीने निघते आहे. आधी मावशीकडे जाईन, त्या मुलांना दवाखान्यात नेईन. तुझ्या दारात यायचं की नाही, ते त्यांचं रक्त तपासून झाल्यावर ठरवेन.

ताई